वाळूने खाल्लेलं पातं

गवत कापायच्या यंत्राचं पातं नवीन असतं तेव्हा त्याला काळा रंग असतो. हातभर लांब पट्टी, मधे भोक, दोन्ही टोकांना पुढच्या बाजूने धार आणि मागची कड थोडी वर वळवलेली. ती कड कशासाठी असते हे मला शाळेत असल्यापासून माहीत आहे. अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, टेबलफॅनसमोर माझा हात धरून समजावलं होतं. पातं फिरलं की ती कड पंख्यासारखी हवा वर ओढते, हवेबरोबर गवत उभं राहतं आणि उभं गवत एका फटक्यात कापलं जातं. तेव्हा अप्पा माझ्याशी असं बोलायचे. आता मी इंजिनियरिंग कॉलेजात आहे आणि ते मला काही समजावून सांगत नाहीत.

पुढे जे लिहिते आहे ते मला नीट सांगता येईल की नाही, खात्री नाही. घरातल्या माणसांबद्दल आहे, आणि त्यातलं एक माणूस आता घरात येत नाही.

आमचं घर पीण्या नावाच्या कारखान्यांच्या वसाहतीच्या अलीकडे एका वठारात आहे. वठार म्हणजे एका अंगणाभोवती ओळीने भाड्याच्या खोल्या आणि सगळ्यांत मिळून एक नळ. बेंगळुरूत आमच्या किती पिढ्या झाल्या ते घरात कुणालाच सांगता येत नाही. घरात मराठी बोलतो, पण पुण्याकडचे लोक ते ऐकून हसतात, कारण त्यात निम्मं कन्नड आहे. वडिलांच्या धाकट्या भावालासुद्धा मी काका म्हणत नाही, चिक्कप्पा म्हणते.

चिक्कप्पाचं पीण्यात धार लावायचं दुकान आहे. दुकान म्हणजे पत्र्याची शेड, त्यात दोन ग्राइंडर आणि पाण्याची एक बादली. त्याने लग्न केलं नाही. झोपायचा दुकानात, पण संध्याकाळचं जेवण आमच्याकडे. गॅसच्या सिलिंडरशेजारी भिंतीला टेकून बसायची त्याची जागा ठरलेली. तिथे दुसरं कुणी बसलं तर तो उभाच राहायचा, माणूस उठेपर्यंत.

त्याच्याकडे कारखान्यांचे कटर येतात, शिंप्यांच्या कात्र्या येतात, हॉटेलवाल्यांच्या सुऱ्या येतात. आलेल्या प्रत्येक वस्तूवर तो खडूने गिऱ्हाइकाचं नाव लिहितो आणि ती रांगेत ठेवतो. आमच्या घरची विळी, नारळ खवायची खवणी, अप्पांची पाती, यांना मात्र कधी खडू लागला नाही. ती रांगेत न ठेवता खिडकीच्या कट्ट्यावर ठेवायचा. लहानपणी मी एकदा विचारलं होतं की आमच्या विळीवर नाव का नाही. तो म्हणाला, "घरच्यावर कोण नाव लिहितं, पुट्टी?" पुट्टी म्हणजे छोटी. मी त्याच्यापेक्षा उंच झाले तरी पुट्टीच होते.

मला कॉलेजात घालायचं की नाही यावर घरात वाद झाला तेव्हा अप्पा शिवणक्लास म्हणत होते. चिक्कप्पा जेवता जेवता म्हणाला, "मशीनचं शिकू दे की अण्णा हिला. आपण दोघं आयुष्यभर मशीनच्या पुढे उभे राहिलो. मशीनच्या आत काय असतं ते हिला तरी कळू दे." म्हणून मी मेकॅनिकलला आहे.

अप्पा बेळ्ळंदूरच्या एका मोठ्या निवासी संकुलात लॉनचं काम बघतात. उंच इमारती, मधे हिरवळ, हिरवळीच्या कडेने चालायचा रस्ता. तिथल्या कमिटीच्या सेक्रेटरी पुण्याच्या आहेत, सॉफ्टवेअरमध्ये आहेत. पहिल्यांदा अप्पांचं बोलणं ऐकून त्या मैत्रिणीला म्हणाल्या होत्या, "ऐक ना, काय क्यूट मराठी आहे! अगदी इडली-सांबार!" अप्पा हसले होते. घरी येऊन त्यांनी तो विनोद आम्हाला सांगितला, पण सांगताना हसले नाहीत.

त्या लॉनमध्ये खळगे होते. पळताना मुलांचे पाय मुरगळायचे, लोक तक्रार करायचे. अप्पांनी तरुणपणी एका गोल्फच्या मैदानावर काम केलं होतं. तिथे गवतावर वाळूचा पातळ थर टाकून झाडूने आत मुरवत, मग जमीन गालिच्यासारखी सपाट होई. अप्पांनी ते सेक्रेटरीबाईंना सांगितलं. बाई म्हणाल्या, "वाव काका, तुम्ही तर एक्स्पर्ट निघालात! करूनच टाका." एक्स्पर्ट हा शब्द अप्पा घरी घेऊन आले आणि पुष्कळ दिवस वापरत राहिले. आईने पोळी जास्त भाजली तरी, "एक्स्पर्टला अशी पोळी देतात का?"

वाळू आणायची गरजच पडली नाही. तळघराच्या कामातून उरलेला एम-सँडचा ढीग तिथेच पडला होता. एम-सँड म्हणजे दगड फोडून केलेली वाळू. गोल्फच्या मैदानावर नदीची वाळू असायची, चाळलेली, गोल दाण्याची. फोडलेल्या दगडाचा दाणा गोल नसतो, प्रत्येक दाण्याला कोपरे असतात. अप्पांना वाटलं, वाळू ती वाळू. त्यांनी ढीग उपसला, लॉनभर पसरला, झाडू मारला. सपाट झालंही. सेक्रेटरीबाईंनी फोटो काढून ग्रुपवर टाकला. मग अप्पांनी त्यावरून यंत्र फिरवलं.

जी कड गवत वर ओढते तीच वाळूही वर ओढते. आत वाळूची वावटळ फिरते आणि पात्याला खात राहते. धार बोथट होतेच, पण त्याहून वाईट म्हणजे सपाट भाग जिथे वर वळतो तिथे धातू झिजून कागदासारखा पातळ होतो. पातं तिथे आरशासारखं चमकायला लागतं. जे पातं महिनोन् महिने चालायचं ते आता आठवड्याने चिक्कप्पाकडे जाऊ लागलं. बोथट पातं गवत कापत नाही, फाडतं. फाटलेल्या गवताची टोकं वाळतात, आणि लांबून सगळं लॉन पिवळं दिसतं.

सेक्रेटरीबाई म्हणाल्या, "काका, टोटली यलो दिसतंय हो. लोक ग्रुपवर नको नको ते लिहितायत. नवीन एजन्सी बघू का आपण?"

त्या रात्रीपासून अप्पांच्या जेवणात चिक्कप्पा आला. तोपर्यंत तो जेवणाला यायचा, आता जेवणातला विषय झाला.

"धार लावतोस की नुसतं पाणी मारून देतोस?"

"लावतो की अण्णा."

"मग टिकत का नाही? ग्राइंडरवर जाळतोस तू. पाणी उतरवतोस पात्याचं. गिऱ्हाइकांची कामं आधी, मोठ्या भावाचं शेवटी, घाईघाईत."

हे ऐकवत नव्हतं, कारण मी त्याला काम करताना पाहिलं होतं. ठिणग्या उडतात, तो थांबतो, पातं तापून मऊ पडू नये म्हणून बादलीत बुडवतो, पुन्हा धरतो. शेवटी मधल्या भोकातून भिंतीवरच्या खिळ्याला अडकवतो. एक टोक खाली गेलं तर त्या बाजूने अजून थोडं घासतो. पातं खिळ्यावर आडवं, शांत राहीपर्यंत सोडत नाही.

मी एक जुनं पातं पिशवीत घालून कॉलेजात नेलं. वर्गातल्या मुलांनी पिशवीत डोकावून विचारलं, "कुणाचा खून करणार आहेस?" झीज हा विषय आम्हाला होता, पण त्यात मी मागच्या सेमिस्टरला नापास झाले होते. लॅबमधल्या सरांना पातं दाखवलं. त्यांनी ते हातातही घेतलं नाही. म्हणाले, "आधी राहिलेला पेपर काढ, मग बागकाम कर." पण सूक्ष्मदर्शक त्यांनी बंद केला नाही, म्हणून मी बघितलं. चमकणाऱ्या भागावर एकाच दिशेने ओढलेले ओरखडे होते, हजारो, बारीक, जसं कुणी आतून नखं मारत बसलं असावं. ग्राइंडरचे ओरखडे धारेपाशी होते आणि त्यांची दिशा वेगळी होती. दगडाच्या दाण्यांनी केलेलं काम आणि चिक्कप्पाने केलेलं काम वेगवेगळं दिसत होतं.

मला आनंद झाला. मला वाटलं, आता भांडण मिटेल.

जेवताना मी बोलले. सगळं बोलले, कोपऱ्यांचे दाणे, वर वळलेली कड, ओरखडे. थोडं अडखळत बोलले असेन. म्हटलं, "अप्पा, वाळूने होतंय. चिक्कप्पाची धार बरोबर आहे."

अप्पांनी घास तोंडाजवळ थांबवला. मग आईकडे बघून म्हणाले, "ऐका, ऐका. इंजिनियरम्मा बोलतायत." मग माझ्याकडे. "कुठल्या विषयात नापास झालीस गं तू?"

मी ताक वाढून घेतलं.

"सांग की. लाज कसली? नाव काय त्या विषयाचं?"

मी विषयाचं नाव सांगितलं. त्याचा अर्थ त्यांनी मलाच विचारला. मी म्हटलं, "धातू का झिजतो, कसा झिजतो, त्याचा."

"बघ," ते चिक्कप्पाला म्हणाले, "हिला शिकवा म्हणत होतास. जे हिला स्वतःला येत नाही ते बापाला शिकवायला आली."

मला वाटलं, आता चिक्कप्पा बोलेल. तो ताटातला भात बोटांनी एका बाजूला सारत होता. म्हणाला, "जाऊ दे पुट्टी. धार माझीच कमी पडली असेल."

तेव्हा मला त्याचा राग आला होता. स्वतःच्या धारेबद्दल असं तो कधी बोलला नव्हता.

एवढ्यात फोन वाजला. कमिटीच्या ग्रुपवर कुणीतरी पिवळ्या गवताचा फोटो टाकून विचारलं होतं की हे लॉन आहे की पायपुसणं. खाली हसण्याच्या चित्रांची रांग. सेक्रेटरीबाईंनी लिहिलं होतं, काका, प्लीज एक्सप्लेन. इंग्रजीतली उत्तरं नेहमी मीच लिहायची, म्हणून अप्पांनी फोन माझ्याकडे सरकवला. "लिही. भावाने धार बिघडवली, आता दुसरीकडे देतो."

मी लिहिलं की वाळूमुळे पातं झिजतंय, काही दिवस गवत थोडं उंच ठेवून कापू. अप्पा म्हणाले, वाच. मी वाचून दाखवलं आणि मराठीत अर्थही सांगितला, खोटं सांगता आलं नाही.

"दे इकडे."

त्यांनी फोन घेतला, तोंडाजवळ धरला आणि हिंदीत बोलून संदेश पाठवला. "मॅडम, मेरा सगा भाई है, इसलिए भरोसा किया. उसने धोका दिया. सब ब्लेड खराब कर दिया. अब उसको हाथ नहीं लगाने दूँगा."

सगा भाई समोर बसलेला होता. त्याच्या ताटात ताकभात होता. अप्पांनी पाठवलेला आवाज पुन्हा लावून ऐकला, नीट आलाय ना बघायला. ते शब्द आमच्या खोलीत दुसऱ्यांदा बोलले गेले.

चिक्कप्पाने ताकभात संपवला. ताट स्वतः धुऊन पालथं घातलं. दारात चपला घालताना म्हणाला, "आवाज स्वच्छ आलाय, अण्णा."

तो दुसऱ्या दिवशीही जेवायला आला, त्याचं कारण मला तेव्हा कळलं नव्हतं. इतकं ऐकून माणूस कसा येतो? तो येत राहिला आणि अप्पा बोलत राहिले. नळावर पाणी भरताना सगळ्या वठाराला सांगून झालं. शेजारच्या अक्का त्याला अंगणात बघून म्हणायच्या, "चिक्कप्पा, आमच्या विळीला हात लावू नका हं, आहे ती धार पण जाईल!" तो हसायचा. अक्काही हसायच्या. कुणी दुष्टपणाने करत नव्हतं, मजा म्हणून करत होतं.

मग खंडेनवमी आली. इकडे तिला आयुधपूजा म्हणतात, आणि पीण्यात तर दिवाळीपेक्षा मोठी. कारखान्यांची दारं झेंडूने मढवतात, यंत्रांना हळदकुंकू लावतात, फाटकात कोहळा फोडतात. त्या दिवशी हत्याराला काम लावायचं नाही आणि पाय तर चुकूनही लागू द्यायचा नाही. आमच्या घरी अप्पा दरवर्षी यंत्र, कात्री, खुरपं, दोन-तीन पाती असं सगळं पाटावर मांडायचे. मी कॉलेजात गेल्यापासून माझा कॅल्क्युलेटरही. धार लावलेली पाती चिक्कप्पा आदल्या दिवशी आणून द्यायचा, स्वतःच्या हाताने तेल पुसून.

त्या वर्षी एकच होतं, आधीपासून त्याच्याकडे राहिलेलं, तेही त्याने आणून दिलं. सकाळी मी पाटावर झेंडू ठेवत होते तेव्हा ते दिसलं नाही. विचारलं तर अप्पा म्हणाले, "लावलंय की. दारात बघ."

उंबऱ्याबाहेर, पायरीच्या दगडाला टेकून, चिक्कप्पाने धार लावलेलं पातं आडवं ठोकलं होतं. चपलेचा चिखल खरवडायला लोखंडी पट्टी लावतात तसं. धारेची बाजू खाली, पाठ वर.

आई म्हणाली, "अहो, आज तरी नको. आज हत्याराला..."

"हत्यार?" अप्पा म्हणाले. "हत्यार गवत कापतं. हे चिखलाच्याच लायकीचं आहे." आणि त्यांनी आमच्यासमोर त्यावर चप्पल घासली. चपलेला चिखल नव्हताही.

मी ते काढायला वाकले. अप्पांनी माझं मनगट धरलं. जोरात नाही, पण सोडलंही नाही. आरती होईपर्यंत मी त्यांच्याशेजारी उभी होते.

दुपारी चिक्कप्पा आला. नवा शर्ट, कपाळाला कुंकू, हातात दुकानातल्या पूजेच्या चुरमुऱ्यांची पिशवी. दरवर्षी आणायचा. अंगणातून लांबूनच ओरडला, "पुट्टी, कडलेपुरी!" मग पायरीपाशी आला आणि खाली बघितलं.

अक्का नळावर होत्या. अजून दोघंतिघं होती. या वेळी कुणी हसलं नाही.

त्याने चपला पायरीच्या लांब, बाजूला काढल्या. पिशवी कठड्यावर ठेवली. उकिडवा बसून पातं हलवून हलवून सैल केलं आणि उपसलं. खिशातला रुमाल काढून पुसलं, आधी पाठ, मग धार. दोन्ही डोळ्यांना लावलं. आतून अप्पांचा आवाज आला, "कोण आहे गं?" ते दारापासून हातभर अंतरावर बसले होते. त्यांना दिसत होतं.

चिक्कप्पाने पातं रुमालात गुंडाळलं, चपला घातल्या आणि गेला. त्यानंतर तो जेवायला आला नाही.

आई भात मात्र तेवढाच लावत राहिली. सकाळी उरलेल्या भाताचं चित्रान्न व्हायचं. अप्पा एकदा चिडले, "रोज उठून चित्रान्न? दुसरं काही येत नाही का तुला?" आई म्हणाली, "भात उरतो." अप्पांनी ताट ढकललं. दुसऱ्या दिवशी पुन्हा चित्रान्न होतं. आईचीही एक धार आहे, ती मी तेव्हा बघितली.

अप्पांनी चिकपेटच्या हार्डवेअरच्या गल्लीतून नवीन पातं आणलं. कंपनीचं, खोक्यातलं. ते वठारात सगळ्यांना दाखवलं. "आता बघा." थोडे दिवस लॉन हिरवं दिसलं. मग त्याच जागी तीच चमक यायला लागली. मी काही बोलले नाही. बोलून काय झालं होतं ते आठवत होतं. पण एका सकाळी ते यंत्र उलटं करून बसलेले असताना त्या चमकेवर त्यांनी अंगठा फिरवला आणि लगेच काढून घेतला. मी बघतेय हे त्यांना कळलं. म्हणाले, "कॉलेजला उशीर होत नाही का?"

पातं बदलायला हवं होतं. बदललं असतं तर कंपनीचं पातंही टिकत नाही हे मान्य करावं लागलं असतं. ते तसंच फिरवत राहिले.

त्या दिवशी मी वर्गात होते. फोन संकुलाच्या वॉचमनचा होता. झिजलेल्या जागी पातं फाटलं होतं आणि वर वळलेल्या कडेचा तुकडा यंत्राच्या खालून उडून अप्पांच्या पोटरीत घुसला होता. मी दवाखान्यात पोहोचले तेव्हा टाके घालून झाले होते. सेक्रेटरीबाई बाहेर उभ्या होत्या. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, "सो सॉरी गं. खूप रक्त होतं. तिथे मुलं खेळतात ना, विचार करूनच कसंतरी होतं." मग हात काढून घेत, "उद्या लॉनवर एक फंक्शन आहे. काकांच्या ओळखीचं कुणी येईल का आज उरलेलं कापायला? अर्धं कापलेलं फार वाईट दिसतंय."

आत नर्सने विचारलं, कशाने लागलं? अप्पा डोळे मिटून म्हणाले, "भावाने धार लावलेलं पातं होतं."

मी तिथेच होते. पातं चिकपेटचं होतं, चिक्कप्पाने ते पाहिलंही नव्हतं. मी म्हटलं, "अप्पा." त्यांनी डोळे उघडले नाहीत.

वॉचमनने दोन्ही तुकडे वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्याकडे दिले होते. ते घेऊन मी दुसऱ्या दिवशी पीण्याला गेले. मला वाटत होतं, आता पुरावा आहे. हे बघितल्यावर चिक्कप्पाचं मन हलकं होईल, तो म्हणेल, चल, अण्णाला बघून येऊ.

त्याने ग्राइंडर बंद केला. आधी विचारलं, "पाय कसा आहे?" मी सांगितलं. मग तुकडे हातात घेतले, फाटलेली कड उजेडात धरली आणि परत वर्तमानपत्रावर ठेवली. त्याला काही आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही.

"वाळू," मी म्हटलं.

"माहीत आहे की."

"कधीपासून?"

"पहिलं पातं आलं तेव्हापासून. पात्याच्या भोकात वाळू भरलेली होती, पुट्टी. मी काय आंधळा आहे?"

"मग अप्पांना का नाही सांगितलंस?"

तो बादलीशेजारच्या स्टुलावर बसला. "सांगितलं. त्याच दिवशी, इथेच. तो तिथे उभा होता, तुझ्या जागी. घाबरला. म्हणाला, वाळू मी सुचवली, हे बाहेर कळलं तर ते मला काढतील. रडकुंडीला आला होता." त्याने हात पुसले. "मग मीच म्हटलं, अण्णा, माझ्यावर ढकल. म्हण, भावाची धार चुकली. मला तिथे कोण ओळखतं?"

मी वर्तमानपत्राची घडी तुकड्यांवर ओढली.

"एकदा म्हण म्हटलं होतं," तो म्हणाला. "तो रोज म्हणायला लागला. घरात पण म्हणायला लागला, जिथे बाहेरचं कुणी नव्हतं. तू बोललीस ना त्या दिवशी, मला वाटलं, आता अण्णा हसेल, म्हणेल खरं आहे. तर माझ्या तोंडाकडे बघत त्याने ते पाठवलं. तेव्हा कळलं, त्याला ते खरं वाटायला लागलंय. किंवा नसेल वाटत. नसेल वाटत तर जास्त वाईट."

"घरी चल," मी म्हटलं. "आई भात लावते अजून."

"आईला सांग, नको लावू." त्याने ग्राइंडर चालू केला. त्या आवाजात बोलता येत नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

अप्पांचा पाय बरा झाला, पण चालताना ओढल्यासारखा येतो. संकुलात मधल्या काळात एजन्सी आली होती. त्यांची पातीही टिकेनात, ते सोडून गेले, आणि सेक्रेटरीबाईंनी अप्पांना परत बोलावलं. वाळू तिथेच आहे. गवताच्या मुळांत मुरलेली वाळू काढता येत नाही. अप्पा लंगडत त्याच लॉनवर यंत्र फिरवतात.

मागच्या आठवड्यात ते खाटेवर पाय लांब करून बसले होते. बोथट झालेलं पातं माझ्यापुढे ठेवून म्हणाले, "हे घेऊन जा. चिकपेटवाले लावतात ती काय धार आहे?"

"कुणाकडे नेऊ?"

"कुणाकडे म्हणजे? घरचा माणूस असताना बाहेर कशाला द्यायचं?" आणि भिंतीकडे तोंड वळवलं.

मला वाटलं, हेच त्यांचं माफी मागणं. यापेक्षा जास्त त्यांना येत नाही. आईनेही तसंच धरलं असावं, कारण तिने घाईघाईने एक डबा भरून माझ्या हातात दिला. बसमध्ये पातं मांडीवर घेऊन बसले होते. माझ्या शेजारच्या बाईने अंग चोरून घेतलं तरी मला बरं वाटत होतं. काय काय बोलायचं ते ठरवत होते. त्या विषयात मी आता पास झाले होते, तेही सांगायचं होतं.

दुकानात गर्दी होती. एक शिंपी कात्र्यांचा जुडगा घेऊन उभा होता. मी डबा खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला, जिथे आमच्या वस्तू असायच्या, आणि पातं चिक्कप्पाच्या हातात दिलं. म्हटलं, "अप्पांनी दिलंय. तुझ्याकडेच दे म्हणाले."

त्याने पातं उलटंसुलटं केलं. चमकणाऱ्या जागेवर अंगठा फिरवला. "अजून एकदा चालेल. त्यानंतर लावू नका, फाटेल." मग शर्टाच्या खिशातून खडू काढला.

"नाव काय लिहू?"

मी हसले. मला वाटलं, चेष्टा करतोय.

तो हसला नाही. खडू पात्याला टेकवून थांबला होता. मागे शिंपी घसा खाकरत होता.

"नाव सांगा. लोक थांबलेत."

सांगा म्हणाला. त्याने मला अहोजाहो कधीच केलं नव्हतं.

मी अप्पांचं नाव सांगितलं. तो थांबूनच राहिला, म्हणून आडनावही सांगितलं, जे त्याचंही आहे. त्याने दोन्ही लिहिलं, सावकाश, वळणदार अक्षरात. पातं रांगेत शेवटी ठेवलं. कट्ट्यावरचा डबा उचलून माझ्या हातात परत दिला आणि शिंप्याच्या कात्र्या घ्यायला हात पुढे केला.

"शनिवारी मिळेल," तो म्हणाला.